भिंतीवर काय लागेल, हे विद्यार्थ्यांना ठरवू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

गोष्ट १९२८ सालची, अमेरिकेतल्या हार्वर्डची. विद्यापीठाचं फॉग संग्रहालय जुन्या कलेनं समृद्ध होतं, पण हयात कलावंतांना तिथे फारशी जागा नव्हती. लिंकन कर्स्टीन, एडवर्ड वॉरबर्ग आणि जॉन वॉकर या तीन विद्यार्थ्यांना ते खटकलं. त्यांनी विद्यापीठाच्या सहकारी भांडाराच्या वर दोन खोल्या घेतल्या आणि १९२९च्या फेब्रुवारीत पहिलं प्रदर्शन मांडलं. न्यूयॉर्कचं आधुनिक कला संग्रहालय उघडायला तेव्हा अजून आठ-नऊ महिने होते! पुढच्या वर्षी त्यांनी अलेक्झांडर काल्डर या शिल्पकाराला बोलावलं. तो आला तो तारेची भेंडोळी आणि पक्कड घेऊन. शिल्पं? ती त्यानं तिथेच, वॉरबर्गच्या राहत्या खोलीत बसून वळली.

आज अनेक महाविद्यालयांची संग्रहालयं आपलं दालन विद्यार्थ्यांच्या हाती सोपवतात, तेव्हा मला ही तार आठवते. समकालीन कलेत हेच तर वेगळं असतं. कलावंत जिवंत असतो, त्याला फोन करून विचारता येतं. कधी तो म्हणतो, तुम्ही लावलेला अर्थ मला मान्य नाही. मग त्या मुलांना ठरवावं लागतं की आपलं म्हणणं धरून ठेवायचं की सोडायचं. हा धडा वर्गात बसून मिळत नाही.

खरी कसोटी लागते ती गाळताना. दालनाची पुठ्ठ्याची छोटी प्रतिकृती करतात, चित्रांच्या नखाएवढ्या छापील प्रती तिच्या भिंतींवर चिकटवतात, काढतात, पुन्हा चिकटवतात. मनात भरलेली वीस चित्रं असतात आणि भिंत बाराच मागते. त्यात कागदावरचं काम असलं की प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, म्हणजे मंदच ठेवावा लागतो, नाहीतर रंग उडतात. म्हणजे ते झगमगत्या व्हिडिओशेजारी लावता येत नाही. मग अख्खी मांडणी नव्यानं.

आणि चित्राशेजारची ती पाच-सहा ओळींची पाटी! ती लिहिणं निबंधापेक्षा अवघड. उभ्यानं, पाय दुखत असताना माणूस ती वाचणार असतो. 'या कलाकृतीतून अस्मितेचा शोध घेतला आहे' हे वाक्य कुठल्याही चित्राखाली खपतं, म्हणून ते खोडायचं. त्याऐवजी लिहायचं: ही शाई चहाच्या पाण्यात मिसळलेली आहे, डाव्या कोपऱ्यातला डाग बघा.

महाविद्यालयांना माझं कळकळीचं सांगणं आहे. प्राध्यापकांनी जवळ जरूर असावं, कलाकृती कशी हाताळायची ते जाणकारांनी शिकवावं. पण काय लावायचं याचा शेवटचा शब्द मुलांचाच असू द्या. नुसते खिळे ठोकायला आणि आमंत्रणं वाटायला त्यांना बोलावू नका.

आणि श्रोतेहो, अशा प्रदर्शनाला गेलात तर तिथे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला एवढंच विचारा, कोणतं चित्र गाळलंत? घाईत मात्र विचारू नका, उत्तराला वेळ लागेल.