मग पुढे त्यांनी काय केलं?

(मराठी मंडळाच्या बडोद्यातील वार्षिक मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

सकाळच्या प्रश्नमंजूषेत विचारलं होतं, मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी कोणती, कधीची, कोणाची? सातवीतल्या एका मुलीनं प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर दिलं, "यमुनापर्यटन, 1857, बाबा पदमनजी." टाळ्या पडल्या, पण ती खाली बसेना. "मग पुढे त्यांनी काय केलं?" असं तिनं विचारलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पुढे काय, ख्रिस्ती झाले!" हशा पिकला आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे वळलो.

ठरलेला विषय बाजूला ठेवून मी त्या मुलीला उत्तर देणार आहे.

आधी मागच्या रांगेशी बोलतो. बाबांचा बाप्तिस्मा झाला 1854 मध्ये, तेविसाव्या वर्षी. कादंबरी आली त्यानंतर तीन वर्षांनी. हिंदू विधवांचे हाल गावोगाव फिरून दाखवणारं ते पुस्तक ख्रिस्ती लेखकाचंच आहे. 'आधी आपले होते, मग परके झाले' हा हिशेब तारखाच मोडून काढतात. हसण्याआधी तारखा बघायला हव्या होत्या, एवढं मोठ्या माणसांना सांगायचा हक्क मला आहे.

आता पुढे. 1857 मध्ये बाबा सव्वीस वर्षांचे होते. त्यानंतर ते 49 वर्षं जगले, 1906 पर्यंत. शाळेत शिकवलं, पुण्याच्या चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, झाले, 'सत्यदीपिका'सारखी मासिकं चालवली. पुढे पाळकाचं काम सोडून बायबल सोसायटी आणि ट्रॅक्ट सोसायटी या ख्रिस्ती पुस्तकं-पुस्तिका काढणाऱ्या संस्थांसाठी लेखन-संपादन करत राहिले. बायबलच्या नव्या करारावर मराठीत भाष्य लिहिलं. लहानमोठी पुस्तकं शंभरावर भरतात. मग आपल्याला एकच का ठाऊक? एक कारण त्यांच्या आत्मचरित्रातच आहे. 'अरुणोदय' 1888 मध्ये निघालं, पण त्याचा भर बालपणापासून बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटेवर आहे. त्यानंतरचा माणूस शोधायचा तर त्याच्या कामात शोधावा लागतो.

मला त्यातलं कोशाचं काम सर्वांत मोठं वाटतं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा निघाला 1831 मध्ये, बाबांच्या जन्मसाली. वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची, म्हणजे कादंबरीच्या वर्षाची. नऊशेवर मोठाली पानं. विद्यार्थ्याला ना परवडणारी, ना पेलणारी. बाबांनी त्याचा संक्षेप केला. तो 1863 मध्ये आला आणि 1875 मध्ये पुन्हा निघाला. संक्षेप करणं म्हणजे कात्री चालवणं नव्हे. एका शब्दाचे पाच अर्थ असले तर कोणते दोन ठेवायचे, कोणता वाक्प्रचार गाळला तर शब्द लुळा पडेल, हे शब्दागणिक ठरवावं लागतं, आणि वाचणाऱ्याला त्या निवडीचा पत्ताही लागत नाही.

आपल्या मुलांना मोल्सवर्थ आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. पण 'तळे' शोधलं की सापडत नाही, आणि मुलं म्हणतात, कोशात शब्दच नाही. शब्द आहे, पण तो 'तळें' असा अनुस्वारासह आहे. 'करणे' नव्हे, 'करणें'. 'कवी' नव्हे, 'कवि'. 1962 च्या नियमांनी शब्दांवरचे उच्चारात नसलेले अनुस्वार गेले आणि शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. जुने कोश जुन्याच लेखनात आहेत. 'क्ष' क-मध्ये बघा, 'ज्ञ' ज-मध्ये. 'वळचणीला' शोधू नका, प्रत्यय सोडवून 'वळचण' शोधा. गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातल्या मुलाला हे कोणी सांगितलेलंच नसतं, आणि आपण मात्र त्याला मराठी येत नाही म्हणून बोल लावतो.

बडोद्यात तर हे व्हायलाच नको. या गावाचा कोशांशी जुना संबंध आहे. 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' इथलाच, 1931 चा, राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत देणारा. सयाजीराव महाराजांची तसबीर आपण दर वर्षी पुसतो. तो कोश आपल्यातल्या किती जणांनी उघडून पाहिला आहे?

पुढच्या रविवारपासून चार वाजता मंडळाच्या खोलीत कोश कसा पाहायचा ते शिकवू. आठ मुलं आली तरी पुष्कळ. प्रत्येकानं आजीच्या बोलण्यातला एक शब्द आणायचा आणि मोल्सवर्थमध्ये स्वतः काढायचा. सकाळच्या त्या मुलीनं तिचा शब्द आत्ताच चिठ्ठीवर लिहून दिलाय, 'आढं'. बाळ, तुझ्या शब्दात एक खोच आहे. जुन्या लेखनात तो 'आढें' होतो. तिथे बघ.

पण एक गोष्ट शिकवणीनं सुटणारी नाही. दुपारी मी आपल्या सभासदांची यादी चाळली. तिच्यात एकही ख्रिस्ती मराठी घर नाही. बडोद्यात तशी घरंच नाहीत, की आपण कधी कोणाला बोलावलंच नाही? आणि उद्या असं एखादं कुटुंब आलं, मागच्या रांगेत बसलं, आणि सकाळसारखा हशा पिकला, तर?