ट्रॅमल: मासेमारीच्या जाळ्यातून कायद्यात आलेलं क्रियापद

श्रोतेहो, नमस्कार. आज एका जुन्या इंग्रजी क्रियापदाबद्दल बोलायचं आहे. ते म्हणजे ट्रॅमल. अर्थ अडकवणं, जखडणं, मोकळं हालू न देणं. बोलण्यात हल्ली ते जवळजवळ ऐकूच येत नाही.

मुळात हे एका जाळ्याचं नाव. लॅटिनमध्ये 'त्रेस' म्हणजे तीन आणि 'माकुला' म्हणजे जाळ्याचा आस, दोऱ्यांमधलं छिद्र. तिथून ते फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत आलं. या जाळ्याला तीन पदर असतात. बाहेरच्या दोन पदरांचे आस मोठे, मधला पदर बारीक आसाचा आणि मुद्दाम सैल सोडलेला. मासा पहिल्या पदरातून सहज आत शिरतो आणि मधल्या सैल जाळ्याला धडकतो. ते रेटत रेटत पलीकडच्या मोठ्या आसातून बाहेर ढकलतो, आणि त्याच जाळ्याची पिशवी होऊन तो तिच्यात अडकतो. म्हणजे त्याला पकडतो तो त्याचाच जोर! नुसतं 'अडवणं' म्हटलं की ही छटा हरवते.

पुढे घोड्याच्या पायातल्या दोरीलाही हेच नाव मिळालं. एकाच बाजूचा पुढचा आणि मागचा पाय जोडून बांधला, की घोडा दोन्ही पाय एकदम उचलायला शिकतो आणि स्वाराला हिसके कमी बसतात. आपला 'पायबंद'ही घोड्याच्या पायातलाच, नाही का? शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाचा खून करण्याआधी हेच क्रियापद वापरतो. या एका कृत्यातच पुढचे सगळे परिणाम जाळ्यात पकडता आले तर, असं त्याच्या मनात येतं.

आज या शब्दाचं नकारी रूप तेवढं टिकून आहे, 'अनट्रॅमल्ड'. त्याला सगळ्यात मोठा मान दिला अमेरिकेतल्या हॉवर्ड झानायझर यांनी. रानप्रदेश राखण्याच्या कायद्याचा मसुदा ते वर्षानुवर्षं लिहीत होते. पॉली डायर या कार्यकर्तीने वॉशिंग्टन राज्यातल्या सागरकिनाऱ्याबद्दल बोलताना हा शब्द वापरला होता, तो त्यांनी उचलला. सहकारी म्हणाले, शब्द अवघड आहे, 'अस्पर्श' अशा अर्थाचं काहीतरी सोपं घाला. झानायझर हटले नाहीत. एकेकाळी माणसाचा हात लागलेली जमीनही पुन्हा रान होऊ शकते, तिला यापुढे जखडू नका एवढंच त्यांना म्हणायचं होतं. मला त्यांचा हा हट्ट फार मोलाचा वाटतो. 3 सप्टेंबर 1964 रोजी कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली. झानायझर त्याच वर्षी मे महिन्यात वारले होते.

अनेकजण हा शब्द घाईत 'अनट्रॅम्पल्ड', म्हणजे 'न तुडवलेलं', असा वाचतात. पण त्या रानात पायी फिरायला मुभा आहे. उलट वीज पडून लागलेला वणवा माणसाने विझवला, तर तिथले वनाधिकारी त्याची नोंद 'ट्रॅमल' केल्याची म्हणून करतात.