कॅमेरा घेऊन कोकणात जाताय? मग बॅग उघडायची घाई नको

नमस्कार श्रोतेहो. गणपती जवळ आलेत, कोकणात जाणाऱ्यांच्या बॅगा भरायला सुरुवात झाली असेल आणि कपड्यांबरोबर घरातला कॅमेराही निघाला असेल. आज त्या कॅमेऱ्याबद्दलच बोलायचंय.

मी सोलापूरचा. आमच्याकडे मे महिन्यात 42-43 डिग्री नवीन नाही, पण ती उष्णता कोरडी, धुतलेला टॉवेल तासाभरात कडक वाळतो. कोकणात तोच टॉवेल दोन दिवस दांडीवर ओलाच्या ओला. आता जी हवा टॉवेल वाळू देत नाही ती कॅमेऱ्याला सोडेल का? हे मला ज्या दिवशी कळलं तो दिवस सांगतो.

2012 चा मे महिना. देवगडला मावसबहिणीचं लग्न. मी नुकताच हप्त्यावर पहिला डीएसएलआर घेतला होता. मावशीने फोनवर एकच गोष्ट मागितली, म्हणाली, "फोटोवाले सांगितलेत रे, पण अंतरपाट खाली येतो ना, दोघं एकमेकांकडे बघतात, तो फोटो तुझ्या हातचा पाहिजे मला." तिच्या स्वतःच्या लग्नात तसा एक फोटो निघाला होता, पण दमटपणाने तो अल्बमच्या प्लास्टिकला चिकटला, आणि सोडवायला गेली तर काकांचा अर्धा चेहरा प्लास्टिकबरोबर निघून आला. तो अल्बम मी लहानपणापासून बघत आलोय, त्यामुळे ती हे का मागतेय ते मला पक्कं माहीत होतं.

आम्ही पहाटे गाडीने निघालो. कोल्हापूर, गगनबावडा, करूळ घाट, वैभववाडी, तळेरे करत देवगड. अख्ख्या रस्त्यात एसी फुल आणि कॅमेऱ्याची बॅग माझ्या पायाशी, एसीच्या झोतासमोर. (गाडीत एवढा एसी कशाला लागतो मला खरंच समजत नाही, मे महिन्यात घाटात काचा खाली केल्या की करवंदाच्या जाळ्यांचा वास येतो, मुलांना तो कधी कळणार?) तर घाटात ट्रक बंद पडलेला, तासभर गेला. मुहूर्त 12 वाजून 22 मिनिटांचा, आम्ही पोचलो तेव्हा मंगलाष्टकं शेवटाला आलेली. मी गाडीतूनच कॅमेरा काढला आणि धावतच मांडवात शिरलो, डोळ्याला लावला, आणि समोर सगळं पांढरं! दुधात बघितल्यासारखं. रुमालाने काच पुसली, दोन सेकंद दिसलं, परत पांढरं. परत पुसली, परत तेच. तेवढ्यात "सावधान" झालं, अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट गेला. माझं एकच क्लिक झालं, त्यात पिवळ्या साडीचा एक डाग आणि बाकी सगळं धुकं.

मी अजून पुसतच होतो तेव्हा लग्नाचे फोटो काढायला आलेले स्टुडिओवाले काका जवळ आले, साठीचे असतील, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "अरे झिला, पुसू नको, आपसूक जातला." ते स्कूटरवरून आले होते, कॅमेरा सकाळपासून बाहेरच्या हवेत, त्यांच्या काचेवर वाफ धरायचा प्रश्नच नव्हता. मला म्हणाले बंद कर, लेन्स काढू नको, सावलीत ठेव आणि जेवून ये. जेवून आलो, काच लख्ख.

त्या संध्याकाळी ते मला स्टुडिओत घेऊन गेले. तिथे एक लाकडी कपाट, खालच्या कप्प्यात झिरोचा बल्ब दिवसरात्र चालू, वरच्या फळ्यांना भोकं पाडलेली आणि त्यावर कॅमेरे, लेन्स, रोल. हात आत घातला तर कपडे इस्त्री केल्यावर लागते तशी ऊब. पंचवीस पावसाळे त्यांनी याच कपाटात काढले होते. मग त्यांनी एक जुनी लेन्स टॉर्चसमोर धरून दाखवली, आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले. बुरशी. ही लेन्स एका गिऱ्हाईकाची, चामड्याच्या कव्हरमध्ये दोन पावसाळे ट्रंकेत पडून होती.

झिरोच्या बल्बमागचं शास्त्र सोपं आहे. 28 डिग्रीची हवा 90 टक्के दमट असेल आणि ती 38 पर्यंत गरम केली तर दमटपणा 50 टक्क्यांच्या आसपास येतो, आणि तिथे बुरशी वाढत नाही. पण आताचे एलईडी बल्ब फारसे गरम होत नाहीत, त्यांचा इथे उपयोग नाही.

आणि माझ्या काचेवर काय झालं? गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं ना, तेच. बाहेर 32 डिग्री आणि 80 टक्के दमटपणा असेल तर 28 डिग्रीपेक्षा गार असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी धरतं. एसीतली लेन्स असते 22-23 ला. म्हणून एसीतून बाहेर पडायच्या आधी, आधी बरं का, कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून हवा काढून बंद करा, बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवी उघडू नका. पाणी पिशवीवर धरेल, काचेवर नाही. पुन्हा सांगतो, पिशवी आत असताना बंद करायची आणि बाहेर अर्ध्या तासाने उघडायची. मोबाईललाही हेच लागू.

मुक्कामाला असाल तर रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल, म्हणजे ओल ओढणारे दाणे. केशरी दाणे घ्या, ओले झाले की हिरवे होतात, मग ते वेगळ्या भांड्यात मंद आचेवर गरम करून पुन्हा केशरी करायचे. तांदळात ठेवू नका, तांदूळ फारसं पाणी ओढत नाही आणि त्याची भुकटी मात्र बटणांत जाते. पावसात भिजलेला कॅमेरा लगेच डब्यात कोंडू नका, बॅटरी काढा, कोरड्या फडक्याने टिपा, पंख्याखाली वाळवा, मग डबा. समुद्रावरून आलात तर आधी गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने खारा थर पुसा. चामड्याचं कव्हर तर घरीच ठेवा, ते ओल धरतं. आणि लेन्स उन्हात वाळत टाकू नका, भिंग आहे ते, मागे ठेवलेला कागद पेटतो.

बुरशी दिसलीच तर ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी करा आणि दुरुस्तीवाल्याकडे लवकर न्या. उशीर झाला की ती काचेवरचा लेप खाते, मग साफ करूनही डाग राहतो. आणि हो, फोटो प्रिंट काढा हो, मोबाईलमधले फोटो कोण बघतं परत.

मावशीचा तो फोटो स्टुडिओवाल्या काकांनी काढला होता. मावशीच्या ओटीवर लावलाय, फ्रेम भिंतीला टेकू नये म्हणून मागे दोन बुचाचे तुकडे चिकटवलेत, भिंतीची ओल लागू नये म्हणून. तेही काकांनीच स्वतः येऊन लावले.

नमस्कार.