कलाकाराला पैसे द्यायचे, पण काय बनवतोस ते विचारायचं नाही

हे डब्लिनमधलं ॲबी थिएटर. लिफी नदीपासून चालत दोन मिनिटांवर. ही बिल्डिंग १९६६ ची, आधीची १९५१ मध्ये आगीत गेली. कलेसाठी सरकारने पैसे द्यावेत का, आणि दिले तर काय दाखवायचं हे ठरवायचा हक्कही सरकारला मिळतो का, हे आयर्लंडमधलं भांडण इथूनच पेटलं आणि आज शंभर वर्षं झाली तरी चालूच आहे.

१९२५ साल. देश स्वतंत्र होऊन जेमतेम तीन वर्षं झालेली, मध्ये यादवी युद्ध होऊन गेलेलं, तिजोरीत खडखडाट. अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइथ, म्हणजे ज्यांनी आदल्याच वर्षी म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनमधून आठवड्याला एक शिलिंग कापला होता, लोक त्यांना त्यासाठी आयुष्यभर विसरले नाहीत, त्याच माणसाने या थिएटरला ८५० पौंडांचं अनुदान मंजूर केलं. इंग्रजी बोलणाऱ्या जगात सरकारी अनुदान मिळालेलं हे पहिलं थिएटर.

आणि लगेच पुढच्याच वर्षी परीक्षा. शॉन ओ'केसी या नाटककाराचं ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावावरचं नाटक स्टेजवर आलं, त्यात क्रांतिकारकांचा झेंडा दारूच्या गुत्त्यात येतो आणि तिथेच एक वेश्या गिऱ्हाईक शोधत बसलेली असते. उठाव होऊन दहाच वर्षं झाली होती हो, ज्यांचे नवरे, मुलं त्यात गेली त्या बायका प्रेक्षकांत बसलेल्या. चालू प्रयोगात गोंधळ झाला, पोलीस आले, कवी डब्ल्यू. बी. येट्स स्वतः स्टेजवर येऊन प्रेक्षकांना झापून गेले. त्या बायकांचं दुःख खरंच होतं, ते हसण्यावारी नेण्यासारखं नाहीच. पण त्याच्याही आधी, तालमी सुरू व्हायच्या आत, थिएटरच्या संचालक मंडळावर सरकारने नेमलेल्या सदस्याने हे वेश्येचं पात्रच नको म्हणून हरकत घेतली होती. तेव्हा थिएटरच्या संस्थापक लेडी ग्रेगरींनी स्पष्ट सांगितलं की अनुदान आणि स्वातंत्र्य यातलं एकच निवडायचं असेल तर आम्ही स्वातंत्र्य निवडू. नाटकातलं एक गाणं गेलं, पण पात्र राहिलं, नाटक झालं, आणि अनुदानही बंद झालं नाही. मला ही गोष्ट त्या ८५० पौंडांपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

म्हणजे पुढे सगळं छान झालं असं नाही. १९२९ मध्ये सेन्सॉरशिपचा कायदा आला आणि पुढची कित्येक वर्षं आयर्लंडने आपल्याच लेखकांची पुस्तकं आपल्याच देशात बंद ठेवली. १९५१ मध्ये आर्ट्स कौन्सिल, म्हणजे कलेला सरकारी अनुदान वाटणारी संस्था, स्थापन झालं, म्हणजे एका हाताने अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने पुस्तक जप्त करायचं असा प्रकार. १९६५ मध्ये जॉन मॅकगाहर्न यांच्या कादंबरीवर बंदी आली तेव्हा ते शाळेत मास्तर होते, ती नोकरीपण गेली. असे कितीतरी लेखक देश सोडून गेले, कोण लंडनला, कोण अजून कुठे.

१९६७ मध्ये सेन्सॉरशिपचा हा कायदा सैल झाला. आणि दोनच वर्षांनी अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी एकदम वेगळंच काहीतरी केलं, लेखक, चित्रकार, शिल्पकार, संगीतकार यांच्या कलाकृतीच्या कमाईवर इन्कम टॅक्स माफ! आधी मर्यादाच नव्हती, नंतर आली, आता वर्षाला ५०,००० युरोपर्यंत. पण ज्याची कमाईच नाही त्याला टॅक्समाफीचा काय उपयोग? म्हणून १९८१ मध्ये आसदाना नावाची संस्था आली. जास्तीत जास्त २५० कलावंत, नवीन सदस्य कोण हे जुने सदस्यच मत देऊन ठरवतात, आणि ज्यांचं उत्पन्न कमी आहे त्यांना पाच वर्षांसाठी मानधन मिळतं.

आता २०२२ वर येऊ. कोविडमध्ये थिएटरं, पब, हॉल सगळं बंद, वादक आणि नट घरी बसलेले. तेव्हा सरकारने बेसिक इन्कमचा प्रयोग काढला, २,००० कलाकारांना दर आठवड्याला ३२५ युरो. ९,००० च्या वर अर्ज आले, त्यातले साधारण ८,२०० पात्र ठरले, आणि मग निवड कशी केली, तर चक्क लॉटरीने! कोण किती मोठा कलाकार, कोणाची ओळख कुठपर्यंत, काही नाही. फक्त तुम्ही खरंच कलाक्षेत्रात काम करता का एवढं तपासलं. चित्रकार-शिल्पकार सगळ्यात जास्त, मग संगीतवाले, नाचणारे, सर्कसवालेसुद्धा. या काळात अमुक इतकी चित्रं काढून दाखवा अशी अट नाही, सोबत दुसरी नोकरी करायलाही हरकत नाही. शिवाय ज्यांना पैसे मिळाले नाहीत अशा १,००० जणांनाही अभ्यासात घेतलं, म्हणजे फरक पडतो का ते नीट कळावं.

फरक पडला. पैसे मिळालेल्यांनी कलेला जास्त वेळ दिला, चिंता आणि डिप्रेशनचं प्रमाण कमी झालं. सरकारने करून घेतलेल्या हिशोबात एका युरोमागे समाजाला १.३९ युरोचा फायदा निघाला. हा आकडा राजकारणात कामाला येतो, ठीक आहे, पण मला विचाराल तर तो १ च्या खाली आला असता तरी ही योजना बरोबरच होती, कारण घरभाड्याची काळजी न करता सकाळी कामाला बसता येणं हे कुठल्या हिशोबात धरणार?

सरकारी कारभार तिथेही सरकारीच आहे. आर्ट्स कौन्सिलने ग्रँटच्या अर्जांसाठी नवीन कॉम्प्युटर सिस्टीम करायला घेतली, ती कधी चाललीच नाही, आणि २०२५ मध्ये बाहेर आलं की त्यात ६० लाखांच्या वर युरो गेले. ज्या देशात कलाकार छोट्याशा ग्रँटच्या अर्जासाठी पानंच्या पानं भरतो तिथे हे ऐकून माणसं चिडली, आणि चिडायलाच हवं होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं की बेसिक इन्कम आता प्रयोग म्हणून नाही तर कायमची योजना म्हणून पुढे नेणार. पण लॉटरीत पात्र असूनही सहा हजारांच्या वर लोक बाहेर राहिले होते, त्यांच्यातही तेवढेच चांगले वादक, तेवढेच चांगले लेखक आहेत. म्हणून कलाकारांच्या संघटना म्हणतायत की चिठ्ठी नको, जो जो पात्र आहे त्या सगळ्यांना द्या.