माया राखून

(पडद्यावर: खुंटीला टांगलेले ब्लाउज, सगळे उलटे.)

अमळनेर. श्रावण लागलाय. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. सुरतेला, पुण्याला कामाला गेलेली माणसं तेवढ्यासाठी गावी येतात. त्याआधीच्या आठवड्यात काकूंच्या या शिवणकामाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. प्रत्येकीचा ब्लाउज ‘शनिवारपर्यंत पायजेच’.

काकूंकडे दोन मशीन. एक साधं, पायाचं. दुसरं मोटरवरचं ओव्हरलॉक; गावात त्याला इंटरलॉकच म्हणतात.

साध्या मशीनला खाली बॉबिन असते. ओव्हरलॉकला ती नाहीच. सुईचा एक धागा, शिवाय दोन लूपरचे, म्हणजे धाग्याचा फास टाकणाऱ्या आकड्यांचे, दोन धागे, एक वरचा, एक खालचा. या तिघांच्या जाळीत कापडाची कड बंद होते. सुईच्या जरा पुढे सुरी बसवलेली असते, ती टाका पडायच्या आधीच कड छाटते. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये मेरो घराण्याने १८८१ मध्ये हा टाका मशीनवर आणला.

इथे त्याची गरज वाढली ती कापड बदललं म्हणून. सुती कापडाच्या प्रताप मिलच्या या गावात आता शिवायला येतं ते बरंचसं सुरतेचं जॉर्जेट. धागा गुळगुळीत, कातर लावली की कड सुटायला लागते.

पण काकूंचा सगळा जीव त्या सुरीकडे. शिवणीबाहेर राखलेल्या कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. अंग भरलं की शिवण उसवायची, मायेतून ब्लाउज सैल करायचा. दोन्ही पदर एकत्र धरून ओव्हरलॉकमधून काढले की सुरी माया खाऊन टाकते. माझ्या आईचा लग्नातला शालू आजही नेसता येतो. त्यावर नंतर शिवलेला ब्लाउज मात्र कपाटातच आहे. कोणी शिवला ते सोडा. बाजूला अर्धा इंचसुद्धा कापड शिल्लक नाही.

काकू उलट क्रमाने जातात. बाजू जोडायच्या आधी पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा ओव्हरलॉक करतात. सुरीच्या तोंडी फक्त सुटलेले धागे. मग साध्या मशीनवर दीड इंच आत शिवण. लगेच इस्त्री, आधी शिवणीवर तशीच, मग माया दोन्हीकडे उघडून. इस्त्री शेवटी एकदाच फिरवणाऱ्याचं काम त्यांना लांबून ओळखू येतं म्हणे.

टाचणी सुरीजवळ येऊ द्यायची नाही. धार गेली की कड कुरतडल्यासारखी दिसते. टेन्शन, म्हणजे धाग्याचा ताण, आधी चिंधीवर बघायचं. शिकाऊ मुलीला त्या तीन रंगांचे धागे ओवून देतात. दोन्ही लूपरचे धागे बरोबर कडेवर भेटले पाहिजेत. वरचा धागा खालच्या अंगाला ओढला जातोय? मग बहुतेक तोच ढिला आहे. कोणता नट फिरवायचा ते रंगच सांगतो. आणि शेवटी उरलेली धाग्यांची साखळी कडेला कापायची नाही, बोथट सुईने टाक्यांच्या आत परत ओढून घ्यायची.

बाळाच्या झबल्याला मात्र इथे ओव्हरलॉक नाही, त्याचा धागा कोवळ्या अंगाला टोचतो. तिथे फ्रेंच शिवण. उलट्या बाजू एकमेकींना लावून पाव इंचावर एक शिलाई. माया निम्मी छाटून कापड पलटायचं, दाबायचं, दुसरी शिलाई. कच्ची कड आत कोंडली जाते. मलमलला ११ नंबरची सुई, जाडसर सुतीला १४.

(दारात एक मुलगी. हातात जॉर्जेट आणि अस्तराचा नवा तुकडा.)

काकू अस्तर बोटांत चोळून बघतात. सुती आहे, पहिल्या धुण्यात आटणार. जॉर्जेट आटत नाही, मग ब्लाउज आतून ओढला जातो.

“अस्तर धुईसन लई ये, माय.”

“काकू, रविवारी कानबाई आहे!”

काकू काही बोलत नाहीत. तुकडा बादलीत बुडवतात, पिळतात आणि दारातल्या दोरीवर, आधीच्या सातांच्या शेजारी, वाळत घालतात.