पोट भरते, पण भूक का राहते? कच्च्या आहाराचे पहिले सहा आठवडे

नमस्कार. चुलीवर न चढवलेली फळे, भाज्या, मोडाची कडधान्ये, सुकामेवा आणि तेलबिया, एवढ्यावरच राहायचे ठरवले तर आपल्या भुकेचे काय होते, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे. गेल्या हिवाळ्यात मी स्वतः सहा आठवडे या आहारावर होते. त्यातली तिसरी रात्र मला अजून स्पष्ट आठवते. दोन काकड्या, एक मोठे गाजर, वाटीभर मोडाची मूग आणि मेथीचा घोळाणा एवढे सगळे साडेआठला संपवले होते, पोट तट्ट झाले होते, आणि तरीही साडेदहा वाजता मी स्वयंपाकघरात दिवा न लावता कच्च्या शेंगदाण्यांच्या बरणीत हात घालून उभी होते. पोट भरलेले असताना भूक लागते कशी, हे मला त्या रात्री कळत नव्हते.

आता माझ्यासमोरच्या टेबलाकडे पाहा. या ताटात ज्वारीच्या दोन भाकऱ्या आहेत. दोन्हींत मिळून साधारण 120 ग्रॅम पीठ आहे, म्हणजे सुमारे 400 कॅलरी. तेवढीच ऊर्जा काकडीतून मिळवायची असेल, तर शेजारच्या या टोपलीत ठेवल्या आहेत तेवढ्या, म्हणजे अडीच किलोंहून अधिक काकड्या खाव्या लागतील. गाजरे घेतली तर एक किलो लागतील. मध्यम आकाराची केळी चार पुरतात, आणि शेंगदाणे तर या पाऊण वाटीत आहेत तेवढेच, सुमारे 70 ग्रॅम. माझ्या त्या रात्रीच्या ताटात वजन भरपूर होते, ऊर्जा मात्र एका भाकरीएवढीही नव्हती.

आपले पोट कॅलरी मोजत नाही. जठराच्या भिंती ताणल्या गेल्या की व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत तो निरोप मेंदूला जातो आणि आपण हात आवरता घेतो. मात्र हा निरोप तात्पुरता असतो. अन्न पुढे लहान आतड्यात उतरल्यावर तिथे स्निग्धांश आणि प्रथिने पोहोचली, तर आतड्याच्या पेशी कोलेसिस्टोकायनिनसारखी संप्रेरके सोडतात, जठर रिकामे होण्याचा वेग कमी होतो आणि जेवणानंतरची तृप्ती टिकते. काकडी-टोमॅटोच्या ताटातून पहिला निरोप जोरात जातो आणि दुसरा जवळजवळ जातच नाही, त्यामुळे दीड-दोन तासांत सगळे पुन्हा पहिल्यासारखे होते. आपल्याकडे कोशिंबिरीत दाण्याचे कूट, ओले खोबरे किंवा सायीचे दही घालण्याची पद्धत आहे, ती चवीसाठी म्हणून सांगितली जाते, पण कच्च्या भाजीला तृप्ती देणारा भागही तोच आहे.

पहिल्या आठवड्यातली भूक एकाच प्रकारची नसते, आणि हे ओळखता आले तर बराच त्रास वाचतो. एक भूक घड्याळाची असते. 1999 साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी घ्रेलिन हे संप्रेरक शोधले. ते मुख्यतः जठरात तयार होते, आपल्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेआधी रक्तात वाढते, आणि त्या वेळी जेवलो नाही तरी काही काळाने खाली येते. मी वर्षानुवर्षे दुपारी एकला जेवते, त्यामुळे साडेबाराला मला जी भूक लागे, ती अकरा वाजता दोन केळी खाल्ली तरी ठरल्या वेळी येई आणि पाऊण तासात बरीचशी निवळे. दुसरी भूक चवीची असते. शेजारच्या घरात मोहरी-हिंगाची फोडणी पडली की माझ्या तोंडाला पाणी सुटे, आणि तेव्हा मला ऊर्जा नव्हे तर मीठ, तेल आणि गरम घास हवा असे. कच्च्या आहारात मीठ आपोआप कमी होते. जिभेला कमी मिठाची सवय होते हे प्रयोगांतून दिसले आहे, मात्र त्याला काही दिवस नव्हे, तर दोन-तीन महिने लागतात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत सगळे अळणी वाटले तर निराश होऊ नये. तिसरी भूक खरी, ऊर्जेच्या तुटीची. ती वेळ पाहून येत नाही आणि निवळतही नाही. हात गार पडतात, चिडचिड होते, झोप मोडते, आणि डोक्यात सतत अन्नाचेच विचार चालतात. माझी तिसऱ्या रात्रीची भूक ही होती आणि शेंगदाण्याची बरणी हे तिचे योग्य उत्तर होते, हे मला नंतर कळले. त्या रात्री मात्र मला अपराधी वाटले होते.

दुसऱ्या आठवड्यात खाण्याच्या वेळा वाढतात. मी तीनऐवजी पाच वेळा खाऊ लागले, आणि दर वेळी चघळण्यात इतका वेळ जाई की जबडा दुखत असे. पोटात वायू धरतो, कारण मोठ्या आतड्यातील जीवाणूंना अचानक भरपूर तंतुमय पदार्थ मिळू लागतात. या जीवाणूंची घडण आहार बदलल्यापासून काही दिवसांतच बदलू लागते. या गुबाऱ्याने भूक मेल्यासारखी वाटते, पण ती मेलेली नसते, दबलेली असते.

शिजवल्याने नेमके काय होते, हेही इथे पाहायला हवे. उष्णता आणि पाणी मिळाले की पिठूळ पदार्थातील स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि आपल्या पाचकरसांना ते सहज फोडता येतात. कच्च्या बटाट्यातील स्टार्च मात्र बराचसा न पचताच पुढे जातो. वनस्पतींच्या पेशींच्या भिंतींचेही तसेच आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी 2012 साली मोजून दाखवले की 28 ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला सुमारे 129 कॅलरीच मिळतात, कोष्टकात मात्र त्या 170 च्या आसपास लिहिलेल्या असत. उरलेला स्निग्धांश न फुटलेल्या पेशींत अडकून बाहेर पडतो. म्हणजे कच्च्या आहारावर असताना डब्यावरच्या आकड्यांवर हिशेब केला, तरी तो थोडा फुगलेलाच निघतो.

आता ज्या टप्प्यासाठी मी हा व्हिडिओ करते आहे, त्याकडे येते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास माझी भूक शांत झाली. एकचा ठोका पडला तरी काही जाणवेना, अर्ध्या पपईत भागू लागले, आणि मी सगळ्यांना अभिमानाने सांगू लागले की शरीराला आता कमी पुरते. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते हेच सांगतात, आणि मला ते पटले होते. पण भूक कमी होणे आणि गरज कमी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घ्रेलिनचे वेळापत्रक नव्या वेळांना जुळते, सततच्या भरलेपणाची सवय होते, त्याच त्या चवींचा कंटाळा येतो, चघळण्याच्या श्रमाने हात लवकर थांबतो. यांपैकी एकाही कारणाने शरीराची दिवसाची ऊर्जेची गरज भागत नाही. पाचव्या आठवड्यात माझी पाळी दहा दिवस लांबली. वजनकाट्यावर चढले, तेव्हा साडेतीन किलो उतरलेले होते.

असे होणे अपवादात्मक नाही. जर्मनीतील गीसन येथील संशोधकांनी दीर्घकाळ कच्च्या आहारावर असलेल्या 513 स्त्री-पुरुषांची पाहणी करून 1999 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुरुषांचे वजन सरासरी सुमारे 10 किलोंनी आणि स्त्रियांचे 12 किलोंनी उतरले होते, आणि पंचेचाळिशीच्या आतील जवळपास 30 टक्के स्त्रियांची पाळी अनियमित किंवा पूर्ण बंद झाली होती. ही माणसे उपाशी राहत नव्हती, आपल्या मते पोटभर जेवत होती. ऊर्जेची तूट राहिली की चरबीतून येणारे लेप्टिन हे संप्रेरक घटते, मेंदू प्रजननाचे काम मागे ठेवतो, आणि पाळीचे चक्र ढिले पडते. भुकेने जे सांगायचे सोडून दिले होते, ते पाळीने सांगितले.

आपल्या देशात या आहाराचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग महात्मा गांधींनी 1929 च्या मे महिन्यात सुरू केला आणि त्याचा तपशील ‘यंग इंडिया’त छापला: मोड आलेले गहू 8 तोळे, वाटलेले गोड बदाम 8 तोळे, वाटलेला पाला 8 तोळे, सहा लिंबे आणि दोन औंस मध. 8 तोळे म्हणजे सुमारे 93 ग्रॅम. मी आजच्या कोष्टकांवरून बेरीज केली, तेव्हा ती दिवसाला हजार-अकराशे कॅलरींच्या आसपास आली, आणि त्यातली जवळपास निम्मी एकट्या बदामांची होती. ऑगस्टमध्ये आमांशाने ते आजारी पडले, प्रयोग थांबवला आणि शेळीच्या दुधावर परतले. ते थांबणेही त्यांनी वाचकांपासून लपवले नाही. मला त्यांचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

तुम्हाला हा आहार करून पाहायचा असेल, तर दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि ते लिहून ठेवा. प्रत्येक जेवणात मूठभर दाणे, खोबरे, तीळ किंवा बदाम असू द्या. मूग मोड आणून कच्चे खाता येतात, पण राजमा कच्चा कधीही खाऊ नये; त्यातील लेक्टिन या विषारी प्रथिनाने तीव्र उलट्या होतात आणि मोड आणल्याने तो धोका पुरेसा जात नाही. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय यात पडू नये, आणि वाढत्या मुलांवर हा प्रयोग करूच नये.

सहाव्या आठवड्याअखेर मी दुपारचे जेवण शिजवलेले केले: भाकरी, मुगाची आमटी, वर चमचाभर तूप. सकाळची फळे आणि रात्रीची कोशिंबीर तशीच ठेवली. पहिल्या दिवशी अर्धी भाकरीही जड झाली, कारण एवढ्या दाट अन्नाची सवय मोडली होती. पाचव्या दिवशी मात्र पाऊण वाजल्यापासून पोटात कावळे ओरडू लागले, आणि मी दुसरी भाकरी मागून घेतली.