पंचनामा एका मोबाइलचा

टेबलावर खाकी पाकीट, लाखेची कांडी, मेणबत्ती. मधोमध काचेला तडा गेलेला मोबाइल.

चार महिने तक्रारदार महिलेच्या मागे लागलेला माणूस या फोनमध्ये आहे. रोज नवं खातं, तीच घाण. घरचे म्हणाले, पुसून टाक, सिम बदल. तिनं काहीच पुसलं नाही. उलट ही वही ठेवली. बघा, तारीख, वेळ, प्रोफाइलची लिंक. नुसता स्क्रीनशॉट असता, तर वकिलानं पहिल्याच तारखेला विचारलं असतं, हा खरा कशावरून?

हवालदार सगळ्यात आधी फोन विमान मोडवर टाकतात. नेट चालू राहिलं आणि समोरच्यानं 'सगळ्यांसाठी डिलीट' केलं, की मेसेज इथूनही गेला. मग स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश. आयएमईआयचे, म्हणजे फोनच्या ओळख क्रमांकाचे, 15 आकडे एक पंच वाचतो, दुसरा कागदाशी ताडतो. शेजारी चित्रीकरण सुरूच आहे. 1 जुलै 2024 पासून जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय.

आता संगणकाकडे. ही 64 अक्षरांची माळ म्हणजे फोनमधून काढलेल्या प्रतीची हॅश व्हॅल्यू, तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. प्रतीत एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी अख्खी माळ बदलते. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडतात, त्यात ती लिहावी लागते. या प्रमाणपत्रावरून कोर्टाकोर्टांत घोळ होता. तो मिटला आपल्या जालन्यामुळे. 2014 ची विधानसभा, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही एवढाच वाद, आणि पुरावा निवडणूक कार्यालयातलं चित्रीकरण. 2020 मध्ये या दोन उमेदवारांच्या, खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, मूळ उपकरण कोर्टात आणलं नाही, तर प्रमाणपत्र हवंच.

हा खाती जिथं उघडली त्या कंपनीकडून आलेला कागद. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, पुढं वेळ 18:42:07. संध्याकाळ वाटते ना? ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आहे. साडेपाच तास मिळवा. रात्रीचे 12 वाजून 12 मिनिटं, म्हणजे तारीखही दुसरी. त्यात एकच पत्ता एका क्षणी कित्येक ग्राहकांकडे असतो. त्या ग्राहकांना वेगळं ओळखणारा पोर्ट नंबर किंवा सेकंद चुकला, की पोलीस भलत्याच्याच दारात. तिच्या वहीतली वेळ इथं जुळली.

माणूस सापडला. न्याय संहितेचं कलम 78, पाठलाग, पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. सध्या जामिनावर बाहेर आहे.

लाख टपकते. पितळी शिक्का बसतो. ती पावतीवर सही करते, घडी घालून वहीत ठेवते. फोन प्रयोगशाळेत जाईल. तोवर भावाचा बटणांचा फोन.